बिगर तिकिटाची थंडी

भानुदास अण्णा कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, चौकटीकडे बघतात. सदऱ्याच्या खिशात कापसाचा एक पुंजका असतो, काळ्या दोऱ्याला बांधलेला. तो दोरा चिमटीत धरून ते दारापाशी, मग खिडकीपाशी, मग पत्रा आणि भिंत जिथे भेटतात तिथे हात उंच करून उभे राहतात. पुंजका नुसता लोंबकळत राहिला तर ठीक. जरासा जरी हलला तरी अण्णांचे डोळे बारीक होतात. त्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. गर्दीचा फायदा घेऊन कुणी गपचूप चढलं की तेव्हाही त्यांचे डोळे असेच होत असावेत.

"हितून चढली," ते म्हणतात. "बिगर तिकिटाची."

चढली ती थंडी. मग घरच्या बाईकडे ते एखादं जुनं धडपं मागतात आणि फट बुजवून झाल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत.

अण्णांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही माजलगावकडच्या एका गावी गेलो होतो. मला नेलं होतं, कारण शिकलेलं एक माणूस सोबत असावं असं त्यांच्या भावाला वाटत होतं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. सगळे पाहुणे सावरून बसले आणि अण्णा तिच्याकडे पाठ करून, खिडकीशी पुंजका धरून उभे. मुलीची आत्या घाबरली. माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "सर, ह्ये पाव्हणे करणीबिरणी करायलेत काय?" मी तिची समजूत घालतो आहे तोवर अण्णांनी मान न वळवता विचारलं, "येखादं धडपं हाय का, बाई?" मुलीने ट्रे सरळ माझ्या मांडीवर ठेवला, आतून फडकं आणलं आणि अण्णांनी बोट दाखवायच्या आत नेमकं त्या फटीत कोंबलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये अण्णा भावाला म्हणाले, "सोयरीक पक्की कर. बाकीचं काय इचारू नको." पुतण्याचा संसार चांगला चालला आहे.

बीडची थंडी म्हटलं की बाहेरगावचे लोक हसतात. त्यांना आमचा उन्हाळाच ठाऊक असतो. पण उमापूरच्या बाहेर, रस्त्याकडेच्या प्लॉटांवर आमची घरं आहेत, अण्णांचं आणि माझं भिंतीला भिंत लावून. वर पत्रा, भिंती एका विटेच्या, त्याही बाहेरून गिलाव्याविना. समोर मोकळी रानं. पौषात पहाटे पत्र्याला आतून दव सुटतं आणि पांघरुणावर टपटपतं. लोक दारात पळाट्या पेटवून शेकतात. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या त्या काटक्या फुकट मिळतात, त्यामुळे आमच्याकडे गरिबाची शेगडी म्हणजे पळाट्याच.

आमच्या घरी तेवढंही जमत नव्हतं. माझी बायको सुमन हिची फुफ्फुसं अधू झाली होती. बीडच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावून सांगितल्या होत्या: हिला धूर लागता कामा नये आणि थंडी लागता कामा नये. मी एका विनाअनुदानित शाळेत ग्रंथपाल होतो. पेन्शन नाही, जे होतं ते औषधांत जात होतं. विजेची शेगडी आणून पाहिली, तर ती लावली की घरातले दिवे पिवळे पडत आणि थोड्या वेळाने वीजच जाई. पहिल्या हिवाळ्यात सुमन दोनदा दवाखान्यात राहून आली. तिसऱ्यांदा न्यायची वेळ आली तर काय होईल, ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

त्यानंतर अण्णांनी आमचं घर ताब्यात घेतलं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

आधी त्यांनी खताच्या रिकाम्या गोण्या उसवल्या, धुतल्या आणि त्यांच्या बायकोकडून, मथुरावहिनींकडून, दाभणाने एकमेकींना शिवून घेतल्या. ते भलंमोठं कापड पत्र्याखाली ताणून बांधलं आणि पत्रा व कापड यांच्यामध्ये उसाचं वाळलं पाचट भरलं. दव टपकायचं थांबलं. गोण्यांवरची अक्षरं मात्र खालच्या बाजूला आली होती, तीही उलटी. सुमन पडल्या पडल्या ती वाचायची. "आयुष्यभर पुस्तकं तुम्ही सांभाळलीत," ती मला म्हणाली, "आणि मला वाचायला काय मिळालं? 'हुक वापरू नये.'"

मग विटा आल्या. अण्णा सकाळी अंगणात काळ्या पत्र्यावर विटा मांडत, ऊन सरकेल तशा त्या सरकवत, आणि संध्याकाळी पोत्यात गुंडाळून सुमनच्या पायाशी आणून ठेवत. "ऊन फुकट हाय," ते म्हणत, "पर घ्यायला कुनी उठत न्हाई."

आणि घंटा. त्यांच्या अंगणातल्या लिंबाला कसलीशी जुनी घंटा दोरीने टांगलेली आहे. ऊन कलायला लागलं की अण्णा ती दोरी दोनदा ओढतात. एसटीत डबल बेल म्हणजे गाडी सोडा. आमच्या आळीत डबल बेल म्हणजे खिडक्या लावा, दिवसभराचं ऊन आत कोंडा. बायका हसतात, पण लावतात. एखादी खिडकी राहिलीच तर अण्णा रस्त्यावरूनच ओरडतात, "ओ मावशे, दार ओढ, गाडी निघाली."

त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत मात्र माणसांबद्दलचा होता. "सर, पौषातली पहाटंची गाडी बघा. खिडक्यांच्या काचा न्हाईत, दार लागत न्हाई. पर गाडी भरलेली आसंल तर कुनाला थंडी वाजत न्हाई. रिकामी गाडी निस्ती बर्फ. माणूस म्हंजी चालती शेगडी." यावर विसंबून ते संध्याकाळी शेजारपाजारच्यांना आमच्या खोलीत गोळा करायचे. बिडी ओढणाऱ्याला प्रवेश नाही. जागा तेच ठरवायचे. किराणा दुकानदार सोपानराव अंगाने चांगलेच आडवे. त्यांना दारात बसवायचे.

"कावून मलाच रोज दाराला?" सोपानराव कुरकुरत.

"तुमच्यावानी पडदा बाजारात न्हाई मिळत, सोपानराव. सरका जरा. आजून. हां, आता बंद झालं."

सुमन हसायची, हसताना तिला खोकला यायचा, मग सगळे गप्प व्हायचे. खोकला थांबला की तीच म्हणायची, "बोला की. गाडी का थांबली?" त्या संध्याकाळी खोली खरोखर गरम व्हायची की आम्हाला तसं वाटायचं, हे मी सांगू शकत नाही.

अण्णांचं सगळंच जमायचं असं नाही. एकदा वीट उन्हाऐवजी चुलीत तापवली आणि त्यांच्या स्वतःच्या वाकळेला भोक पडलं. एकदा मोरीच्या भोकातून गार वारा येतो असं पुंजक्याने सांगितलं. अण्णांनी ते चिंध्यांनी ठासून बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी तुंबून स्वयंपाकघरात ज्वारीच्या पोत्यापर्यंत गेलं. मथुरावहिनी हातात खराटा घेऊन दारात उभ्या होत्या. "थंडी न्हाई आली," त्या सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नदी आली घरात."

"पर गरम पानी व्हतं का न्हाई?" अण्णा म्हणाले.

एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडत नव्हती. दुसऱ्यांच्या घरातली फट न् फट बुजवणारा हा माणूस स्वतः उघड्या पडवीत झोपायचा.

झालं असं. आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. चांगल्या भावाची वाट बघत तो घरातच साठवतात. निम्मं घर कापसाने भरतं आणि माणसं उरलेल्या जागेत राहतात. अण्णांची थोडी जमीन आहे, तिचा कापूस आतल्या खोलीत असायचा. सुमनच्या आजारपणातल्या दुसऱ्या हिवाळ्यात तो अचानक पडवीत आला. पडवी उत्तरेकडून सताड उघडी. तिच्या आतल्या बाजूची भिंत आणि आमच्या निजायच्या खोलीची भिंत एकच. अण्णांनी तिथे कापूस रचला, वर ताडपत्री बांधली आणि चोरापासून, ठिणगीपासून राखण म्हणून शेजारी स्वतःची बाज टाकली. अंगावर वडिलांची जुनी घोंगडी. वडील मेंढरं राखायचे. वर दोन पोती. इतक्या वर्षांची बिडीही त्याच आठवड्यात सुटली.

"आत कावून न्हाई ठिवत कापूस?" सोपानराव विचारायचे.

"आत किडं हुत्यात. खाज सुटती."

"मग इकून टाका की. भाव चांगला हाय."

"वला हाय आजून."

पौषात कापूस ओला. सोपानराव माझ्याकडे बघायचे, मी पुस्तकाकडे. व्यापाऱ्याची गाडी दोनदा येऊन रिकामी परत गेली. गावात म्हणत, भानुदास कंडक्टरला भाव कळत नाही, वाढला की धरून ठेवतो आणि पडला की विकतो. खरोखरच तसं व्हायचं.

पडवीतल्या झोपेमुळे आम्हाला अण्णांचं एक नवं वेड कळलं. झोपायच्या आधी काही लोक हरिपाठ म्हणतात. अण्णा थांबे म्हणायचे. जुन्या मार्गावरचे, क्रमाने, प्रत्येक थांब्याला जरा थांबून. एक विटेची भिंत, सगळं ऐकू यायचं. "गेवराई." मग थोडी शांतता, तेवढ्यात बहुधा माणसं चढत-उतरत असावीत. "गढी." पुन्हा शांतता. "पाडळसिंगी." पुढे बीड. सुमनला हे फार आवडायचं. माझ्याकडे बोट करून म्हणायची, "चूप. गाडी गढीला लागली." त्या हिवाळ्यात ती पाडळसिंगीच्या पुढे कधी जागी राहिली नाही. भिंतीला तळवा टेकवून झोपायची. मला वाटायचं, नीट ऐकू यावं म्हणून.

तो हिवाळा तिने दवाखान्यात न जाता काढला. पुढचाही.

या वर्षीच्या फाल्गुनात, उन्हं चटके देऊ लागल्यावर, ती गेली. थंडीने नेलं नाही. फुफ्फुसांत जेवढं होतं तेवढं संपलं, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या बुद्धविहारात अण्णा वंदना संपेपर्यंत मांडी घालून बसले होते. त्यांना त्यातलं काही येत नव्हतं, ओठ मात्र हलवत होते. सगळे उठले तेव्हा त्यांचा हात सवयीने खिशात गेला. पुंजका बाहेर आला. दारात ऊन रणरणत होतं. त्यांनी तो दोरा चिमटीत धरला, जरा वेळ बघितलं आणि परत खिशात ठेवला. त्या आठवड्यात त्यांचा कापूसही गेला, पडत्या भावात. मी त्याचा काही विचार केला नाही. त्या दिवसांत मी कशाचाच विचार करत नव्हतो.

पुन्हा हिवाळा आला. डबल बेल वाजू लागली. आळीतल्या खिडक्या लागायच्या, माझी उघडी राहायची. मुद्दाम ठेवत होतो असं नाही. खिडकी कुणासाठी तरी लावायची असते, आणि ते कुणी आता नव्हतं. मी खुर्चीत बसून असायचो. पुस्तक उघडं असायचं. पान उलटलं तर ते वाऱ्याने.

एका संध्याकाळी अण्णा आले. खिडकीशी पुंजका धरला. तो दोऱ्यासकट आडवा झाला.

"सर, ही तर समदी गाडीच बिगर दाराची झाली. कावून उघडी ठेवायलाव?"

"असू द्या, अण्णा. मला नाही वाजत."

ते धडपं मागतील असं वाटलं होतं. मागितलं नाही. दोरा गुंडाळून निघून गेले. अण्णा एक फट न बुजवता घराबाहेर पडले, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मथुरावहिनी मला रोज दुपारी भाकरीचा डबा पाठवतात. एकदा तो परत द्यायला मीच गेलो. वहिनी पडवीत होत्या, ताडपत्रीची दोरी आवळत. पडवीत पुन्हा कापूस होता. मागच्या दोन्ही हिवाळ्यांत मी तो ताडपत्रीखाली झाकलेला, रस्त्यावरूनच पाहिला होता. जवळ कधी गेलो नव्हतो. आता पाहिलं, तर सगळा कापूस एकाच भिंतीला लावलेला होता. जमिनीपासून वर पत्र्यापर्यंत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दाबून दाबून. उत्तरेकडून थेट वारा येतो त्या उघड्या बाजूला नुसती बाज.

"तुमीच सांगा ह्यांला, सर," वहिनी म्हणाल्या. "आतली खोली रिकामी पडलीय. म्हातारा हिकडं काकडून मरायलाय. मागं ताईसाठी केलं, मी बोलले न्हाई. आता कावून?"

"ताईसाठी?"

त्या थबकल्या. बोलायला नको होतं ते बोलून गेल्या होत्या. मग दोरी सोडून खाली बसल्या.

"तवा ह्ये तुमच्याकडं आल्ते बघा, त्यो पुंजका घिऊन. समद्या फटी बुजवल्या, आन ताई तरीबी कुडकुडतीच. पुंजका तर हालंना. म्हणून इचारलं, तर ताई म्हणली, अण्णा, ही भिंतच लई गार पडती, हात लावून बघा. घरी आले आन जेवले न्हाईत. म्हणले, फट असती तर बुजवली असती गं. भिंत कशानं बुजवू? दुसऱ्या दिशी कापूस भायेर काढला. तुमाला सांगायचं न्हाई म्हणून मला शपथ घातली. सर घेनार न्हाईत म्हणले, लाजतेल."

सुमनचा तळवा कुठे टेकलेला असायचा, ते मला आठवलं. तिला माहीत असावं. तिने मला सांगितलं नाही, म्हणजे नक्कीच माहीत असावं.

अण्णा विटा गोळा करून आले, तर मी त्यांच्या बाजेवर बसलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि विटा खाली ठेवल्या.

"हिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई," ते म्हणाले.

"अण्णा, कापूस आत घ्या. तुम्ही आत झोपा. सुमन नाही आता."

"आत किडं हायती."

"अण्णा."

ते माझ्या शेजारी बसले. पुंजका खिशातून काढला, उगाच दोऱ्याची गाठ सोडून परत मारली.

"सर, पहाटंची उमापूरची गाडी माझ्याकडं व्हती. थंडीच्या दिवसात कधी कधी येकच शीट असायचं. ड्रायव्हर म्हणायचा, जाऊ दे बे, येका माणसापायी कशाला डिझेल जाळायचं. मी डबल बेल द्यायचो. येक माणूस बसलेला असला तरी गाडी न्यावीच लागती. रिकामी न्हाई म्हणत तिला."

वहिनी आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच वाजवू लागल्या.

"आन खरं सांगू का," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "दोन सालं मी भिंतीपल्याड कुनीतरी ऐकतंय म्हणून थांबे म्हणायचो. ताई येकदा म्हणलीती, अण्णा, तुमच्या गाडीत मला झोप लागती. आता आतल्या खोलीत कुनाला सांगू गढी आली म्हणून? हिला सांगितलं तर ही म्हणती, उतरा मग."

आतून वहिनींचा आवाज आला, "मंग काय म्हणू?"

ऊन कलू लागलं होतं. अण्णा उठले, लिंबाकडे गेले, दोरी हातात घेतली आणि ओढायच्या आधी माझ्याकडे वळून पाहिलं. वाट बघत होते. मी घरी आलो. खिडकीपाशी उभा राहिलो, तेव्हा घंटा दोनदा वाजली. मी खिडकी ओढून घेतली. खालच्या बाजूला एक फट राहत होती. सुमनच्या जुन्या पातळाचं एक धडपं ट्रंकेत होतं, ते तिथे लावलं.

जेवण करून लवकरच आडवा झालो. वर गोण्यांवरची उलटी अक्षरं होती. पलीकडे बाज करकरली, अण्णा खोकले, घोंगडी झटकल्याचा आवाज आला. मी भिंतीला तळवा टेकवला. ती गार नव्हती.

"गेवराई," भिंतीपलीकडून आवाज आला.

मी आतून बोटाने भिंतीवर दोनदा टकटक केलं.

पलीकडून जरा मोठ्याने, खणखणीत, नोकरीतल्या आवाजात, "गढी."

पाडळसिंगीपर्यंत मी ऐकलं. बीड कधी आलं ते कळलं नाही.